सॉर्बेरे सर

आमचे सर भर वर्गात बशीतून फुर्रकन चहा ओढायचे आणि वर म्हणायचे, "सुनो, यालाच लॅटिनमध्ये सॉर्बेरे म्हणतात. ओढून पिणं. आधी 'रि' जोडा, झालं परत पिणं. शरीर स्वतःचं सांडलेलं परत पितं, ते रिझॉर्ब." मेडिकल कॉलेजातली सगळी पोरं त्यांना सॉर्बेरे सरच म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आवडायचंही.

सर हैदराबादेत उर्दूतून डॉक्टर झालेले. पोलीस अ‍ॅक्शननंतर माध्यम बदललं आणि पस्तिशीतल्या या माणसाला आपलंच शास्त्र इंग्रजीतून पुन्हा घोकावं लागलं. छावणीतल्या चर्चच्या म्हाताऱ्या पाद्र्याकडं जाऊन त्यांनी शब्दांची मुळं शिकून घेतली. "हुकूमत बदलली की जबान बदलते," म्हणायचे. "मूळ पकडून ठेवा."

मी गंगापूरकडचा, मराठी शाळेतला. तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत इंग्रजीपुढं माझी बोलतीच बंद झाली. कॉलेज सोडायचं ठरवलं, ट्रंक भरली आणि सरांचा निरोप घ्यायला वॉर्डात गेलो.

तिथं करमाडची एक बाई रडत होती. बैलगाडीतून पडून मांडीवर ही एवढी निळी सूज आलेली. सर परोपरीनं सांगत होते, "बाई, हे जज्ब होईल." जज्ब म्हणजे तेच रिझॉर्ब, पण ती उर्दू तिला कळेना. आता पाय कापणार, असंच तिनं धरलेलं.

माझं जाणं सरांच्या कानावर आलेलंच होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "जायचंय ना? हिला समजावून जा."

मी खाटेशी बसलो. "मावशे, सांडलेलं रगत आतच हाय. अंग त्येला हळूहळू परत पिऊन टाकतंय. पाय कापायचा नाय."

"व्हय?" तिनं डोळे पुसले. "मग या सायबानं आधी का नाय सांगितलं?"

सर खदखदून हसले. मी होस्टेलवर जाऊन ट्रंक रिकामी केली.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आत सर वारले. पास झाल्याचं सांगायला त्यांच्या घरी गेलो, दाराची कडी वाजवली. त्यांच्या बेगमनीच ओळखलं.

"तुमीच वो गंगापूरवाले? उस दिन घर आको बोले, बरसां से मरीजां कू समझा रहा हूं, जुमला आज मिला."

त्यांनी सरांची वही आणून दाखवली. लॅटिन, इंग्रजी, उर्दू अशा ओळींखाली अडखळत्या देवनागरीत तो जुमला, माझंच वाक्य होतं: अंग परत पिऊन टाकतं. शेजारी माझं नाव. मी तिथंच ढसाढसा रडलो.