धवलारणीची पहिली काडी

धवलारणीला कधी माईक लागला नाही. हळदीच्या मांडवाबाहेर बेंजो वाजत असला तरी तिचा आवाज शेवटच्या घरापर्यंत पोहोचत असे. पनवेलच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत लग्नाचे धवले गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. तिने गाऊन देवांना बोलवायचं, तिने सांगितल्यावर हळद लावायची, तिने थांब म्हटलं की थांबायचं. माझ्या आजोळच्या गावात तीन पिढ्यांची लग्नं या एकाच बाईने गायली होती. तिला नाव होतं, पण ते रेशनकार्डापुरतं.

आवाज गोड नव्हता. कोरडा होता आणि सरळ जात असे. गाता गाता ती मध्येच थांबायची, "त्या पोराला उचला गो, हळदीत पाय घालतोय," असं म्हणायची आणि सोडलेल्या शब्दापासूनच धवला पुढे उचलायची. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

नवी सून सासरी येई तेव्हा धवलारीण आळीच्या तोंडाशी तांब्या घेऊन उभी राहायची. तिचं गाणं संपेपर्यंत नवरीने पाऊल पुढे टाकायचं नाही, असा दंडक होता. गाणं संपलं की ती तांब्याचं पाणी ओवाळून टाकायची आणि म्हणायची, "जा, आता घर तुझं."

टाळेबंदीत लग्नं थांबली. साथ गावात शिरली तेव्हा समाजमंदिरात रॅपिड टेस्टचं शिबिर लागलं. नाकात काडी फिरवायची, ती द्रावणात बुडवायची, पट्टीवर थेंब टाकायचे आणि थांबायचं. एक रेघ आली तर घरी, दोन आल्या तर रुग्णवाहिका. मी त्या वेळी एका दैनिकासाठी पनवेलच्या बातम्या पाठवत असे, म्हणून तिथे होतो. पहिल्या शिबिरात दुपारपर्यंत कुणीही आलं नाही. दारं बंद होती. नेलेला माणूस परत येत नाही, त्याचं तोंडही बघू देत नाहीत, असं सगळ्यांनी ऐकलं होतं. शिवाय ज्या घरासमोर रुग्णवाहिका थांबे त्या घरची मासळी बाजारात कुणी घेत नसे.

धवलारीण आली ती टीमला जाब विचारायला. डॉक्टर तरुण होती, पांढऱ्या पोशाखात घामाने भिजलेली. तिने सगळं समजावून सांगितलं. धवलारणीने ऐकून घेतलं आणि स्टुलावर बसली. "पहिली काडी मला घाल, डॉक्टरीण बाय. मंग बघते कोन येत नाय ते." एक रेघ आली. ती पट्टी हातात धरून ती आळीतून निघाली आणि घराघरासमोर उभं राहून नावं घेऊन हाका मारू लागली.

"बाळ्या, मांडवात बसलास तवा घाबरला नाय, आनि या काडीला घाबरतोस?"

"दोन रेघा आल्या तं, मावशी?" बाळ्याने खिडकीतूनच विचारलं.

"दोन रेघा आल्या तरी मानूस परत येतो. मी सांगते."

ज्या बाईने आपल्या आईचं लग्न लावलं तिला नाही म्हणणं गावात कुणाला जमत नसे. संध्याकाळपर्यंत रांग रस्त्यावर आली.

त्यानंतर प्रत्येक शिबिरात पहिली काडी तिचीच. तिने दिलेला शब्दही ती स्वतः सांभाळू लागली. विलगीकरणातून सुटून कुणी परत आलं की आळीच्या तोंडाशी तांब्या घेऊन ती हजर. नवऱ्या मुलीसाठीचा तोच धवला, तेच थांबणं. पहिला आला बाळ्या; त्याला दोन रेघा आल्या होत्या. मिशीवाला बाळ्या मान खाली घालून गाणं संपेपर्यंत उभा राहिला. "लाजतेय बघा नवरी," ती म्हणाली. बायका हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरची मासळी पुन्हा विकली जाऊ लागली.

एका शिबिरात किट कमी आले. रांगेच्या टोकाला सुगंधा उभी होती. बाळ्याची धाकटी भावजय, सातवा महिना, अंगात ताप. डॉक्टर म्हणाली, पनवेलला रुग्णालयात जा. नवरा म्हणाला, उद्या बघू. हे उद्या म्हणजे काय ते धवलारणीला माहीत होतं. ती स्टुलावरून उठली. "माझी काडी हिला घाला. मला काय, दर टायमाला एकच रेघ येते." डॉक्टरने, तुम्ही घरोघर फिरता, तुमची तपासणी चुकवू नका, असं सांगून पाहिलं. धवलारीण म्हणाली, "मी पुढच्या येळी बसते." सुगंधाला दोन रेघा आल्या. त्याच दिवशी तिला नेलं.

पुढचं शिबिर किटअभावी लांबलं. दरम्यान धवलारणीचा आवाज बसला. हाका मारून बसला, असं ती म्हणाली. मंदा, तिची सून, दवाखान्यात चला म्हणून मागे लागली होती. "काडीवाले येतील ना," एवढंच तिचं उत्तर.

ते आले तेव्हा ती नेहमीसारखी पहिली बसली. थांबायची वेळ संपण्याआधीच दुसरी रेघ उमटली. डॉक्टरने बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा बघितला आणि रुग्णवाहिकेला हात केला. धवलारणीने पट्टी घेऊन रांगेकडे धरली. "बघून घ्या. लपवायचं नाय." आवाज पहिल्या दोन-तीन माणसांपर्यंतच गेला. रुग्णवाहिकेत चढताना ती मंदाला म्हणाली, "तांब्या घासून ठेव. मी येते."

ती आली नाही. काही दिवसांनी सकाळी तिच्या मुलाला फोन आला. अंत्यसंस्कार पनवेलमध्येच झाले. मुलगा आणि बाळ्या, दोघांनाच जाऊ दिलं. गावाने तिचं तोंड पाहिलं नाही. ज्या गोष्टीला गाव घाबरत होतं, नेमकी तीच झाली आणि तिच्याच बाबतीत झाली.

पुढच्या शिबिरात स्टूल रिकामं राहिलं. माणसं समाजमंदिराबाहेर उभी होती, पण आत कुणी येईना. शेवटी मंदा आली आणि बसली. ती कमी बोलणारी बाई. "पहिली काडी मला," ती म्हणाली. मग दाराकडे बघून, "दोन रेघांनी नाय गेली ती. काडी सोडली म्हनून गेली. तुमी सोडू नका." तिने डोकं मागे टेकलं. नाकातल्या काडीने सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं. तिच्या डोळ्यांतलं काडी काढल्यानंतरही थांबलं नाही. तिच्या मागे बाळ्या उभा राहिला, मग इतर.

सुगंधा बऱ्याच दिवसांनी सुटली. पोटातलं मूल नीट होतं. रिक्षा आळीच्या तोंडाशी थांबली. धवलारणीचं तिला फोनवर कळलं होतं. मंदा घासलेला तांब्या घेऊन उभी होती, मागे बायका. धवला मंदाला येत नव्हता. कुणालाच पुरता येत नव्हता.

सुगंधा रिक्षातून उतरली आणि सवयीने थांबली. गाणं संपायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ती पोटावर हात ठेवून तिथेच उभी राहिली. बायकाही उभ्या राहिल्या. मग मंदाने पाणी ओवाळून टाकलं आणि सुगंधा घरात गेली.