बांधावर राहिलेलं शेड

शिरपूरकडच्या आमच्या शेतात एक पत्र्याचं शेड आहे. उभं आहे म्हणावं तर ते खोटं ठरेल, आणि पडलंय म्हणावं तर तेही. ते तसं का आहे हे गावात कुणालाही विचारा, माझ्याकडे बोट दाखवतील. मी तेव्हा जळगावला डिप्लोमा करत होतो. इंजिनीअर व्हायला अजून अवकाश होता, पण इंजिनीअरसारखं बोलायला मी कधीच लागलो होतो. घात त्यातच झाला.

आबा म्हणजे माझे वडील, आणि नाना त्यांचे धाकटे भाऊ. लिहिताना मी ‘आबा म्हणाले’ असं लिहितोय, पण आमच्या बोलीत बापाला, काकाला, सगळ्यांनाच ‘तू’. ‘नाना, तू जेवना का?’ असंच मी लहानपणापासून विचारत आलो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोघांची वाटणी झाली तेव्हा गावातले जाणते बसले होते. विहिरीकडचा तुकडा आणि बैलजोडी नानांना, सडकेकडचा तुकडा आणि शेड आबांना. समसमान झालं म्हणून सगळ्यांनी गूळ तोंडात टाकला. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की शेड तर नानांच्या तुकड्यात उभं आहे. सगळे हसले. पुढे बरेच दिवस नानांचे बैल आबांच्या शेडात आणि आबांचं शेड नानांच्या जमिनीत असं चाललं. संध्याकाळी दोघे भाऊ तिथेच एका खाटेवर बसायचे. मग पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगावरून काहीतरी बोलाचाली झाली. भांडण मोठं असतं तर मिटलं असतं. हे इतकं लहान होतं की मिटवायला जायचीच सगळ्यांना लाज वाटली. नानांनी बैल सोडून घरी नेले. आबा म्हणाले, “मना शेड मी लई जासू.”

शेड सुटं करून नेता आलं असतं. मी आकृती काढून आबांना समजावलं, कुठले पत्रे आधी, कुठले वासे मागून. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच कागदावर सुपारी कातरली. “अख्खं उचलानं शे,” म्हणाले.

मी आईकडे तक्रार घेऊन गेलो. ती चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, “सुटं कराले चार माणसं पुरतस. उचलाले गाव लागस. गावमा तुना नानाबी येस.”

आमच्याकडे शेड उचलायला कुणाला नाव घेऊन बोलवत नाहीत. ‘अमक्याचं शेड उचलायचंय’ एवढं गावात कानावर घालायचं. ज्याला ऐकू आलं तो येतो, आणि ऐकून जो येत नाही त्याला गाव नावं ठेवतं. आबांना भाऊ हवा होता आणि बोलवायचं नव्हतं. त्यासाठी त्यांनी गाव गोळा केलं. हे मला त्या सकाळी पक्कं माहीत होतं. म्हणजे अजाणतेपणाची सबबसुद्धा माझ्याकडे नाही.

कापूस निघून रान मोकळं झालं होतं. खांबांच्या बुडाची माती उकरून ठेवली होती, कमरेच्या उंचीला लांब बांबू आडवे बांधले होते. आईने वरण-बट्टीची तयारी मांडली होती. मी पुढे उलटं चालत हुकूम देण्याचं काम स्वतःकडे घेतलं. त्यात वजन काहीच नव्हतं.

एक म्हातारा म्हणाला, “इंजिनेरसाहेब, मांघे पाय, म्होरे तोंड. पडशीन बरं.”

शेड उठलं आणि कण्हत निघालं. नाना अजून आले नव्हते. आबा बांबू धरून खाली बघत चालले होते. मग निंबाकडून नाना येताना दिसले. कुणाशी बोलले नाहीत. टोपी काढून कमरेला खोचली आणि आबांच्या बाजूला आले. आबांनी वर पाहिलं नाही. फक्त बांबूवरचा हात वीतभर सरकवला. त्या जागेत नानांनी हात घातला.

तसेच दोघे बांधापर्यंत आले. बांधाला लागून पाण्याचा पाट होता. त्यात पुढच्यांचे पाय घसरले, शेड पुढे झुकलं. तिथे खाली ठेवलं असतं तर खांब पाटात गेले असते. आहे तसं धरून ठेवा, एवढंच मला सांगायचं होतं. आमच्या बोलीत ‘धरी ठेवा’ म्हटलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण तोंडातून आली जळगावची सभ्यता.

“राहू द्या, राहू द्या.”

पुढच्यांनी ऐकलं, सोडून द्या. त्यांनी सोडलं. मागचे धरूनच उभे. मधला खांब कडाडला, पत्रे असे किंचाळले की पाटावरचे बगळे उडाले. आणि नाना माझ्या अगदी समोर होते. मी त्यांच्याकडे बघून ओरडलो होतो. त्यांनी तिसरंच ऐकलं.

त्यांनी हात काढून घेतला. टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि निघाले. कुणीतरी विचारलं, “नाना, काबर?”

“मना पुतन्या माले ‘द्या’ म्हने आते,” नाना म्हणाले. रागाने नाही. गावात कोण वारलं ते सांगावं तसं.

लोकांनी पुन्हा उचलून बघितलं, पण मोडलेला खांब साथ देईना. बट्ट्या निवल्या. लोक जेवून, हळहळून गेले. शेडाची एक बाजू नानांच्या रानात आणि एक आमच्या, असं ते बांधावर तिरकं टेकून राहिलं. मी म्हणालो, उद्या परत माणसं बोलवू. आबा म्हणाले, “आते कोणले बलावू?”

काही दिवसांनी मी नानांकडे गेलो. रस्ताभर वाक्यं घोळवत होतो, चांगली आमच्या बोलीतली, ‘तू’ची. नाना ओट्यावर दोर वळत बसले होते. मला बघून उठले. माझ्यासाठी कधी उठले नव्हते.

“या, बसा,” म्हणाले. एकेक शब्द शाळेत वाचावा तसा जपून. “चहा घेणार का तुम्ही?”

काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मी म्हणालो, “राहू द्या.”

तिथून शेतावर आलो. आबा शेडाच्या खचलेल्या बाजूला दगड लावत होते. पाठमोऱ्यानेच विचारलं, “काय म्हने?”

“चहा विचारला.”

“लिधा का?”

“नही.”

आबा एकच दगड बसवत राहिले. तो पुन्हापुन्हा निसटत होता.

“लेवाना व्हता,” म्हणाले.