गाऱ्हाण्याला ‘व्हय’ कोण म्हणालं?

आधीच सांगून टाकते. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. रस्त्यात उतारा दिसला की मुद्दाम त्याच्यावरून चालत जाणारी बाई मी... शेजारणी माझ्या नादाला लागत नाहीत. त्यामुळे हे लिहायला मला दीड वर्ष लागलं.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, अर्जुनेला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी. नदी गाळाने भरली होती. पावसात पाणी घरात शिरायचं आणि फेब्रुवारीत विहिरींचा तळ दिसायचा. माझा जुना विद्यार्थी दीपक मुंबईची नोकरी सोडून आला आणि त्याने गाळ काढायचं मनावर घेतलं. माझ्या वाट्याला आलं लिहिण्याचं काम. म्हाताऱ्या माणसांकडून नदीची माहिती रेकॉर्ड करायची, लिहून काढायची आणि पुस्तिका करून आसपासच्या गावांना द्यायची.

त्याला कारणही तसंच होतं. वरच्या अंगाच्या एका गावाने कोणालाच न विचारता नदीत पोकलेन घातला होता. नदी सरळ, चकाचक झाली — आणि मार्चमध्ये विहिरी ठणठणीत. नदीत जागोजाग खोल कोंडी, म्हणजे डोह, असतात. त्यांत पाणी साठतं, ते विहिरींना झिरपतं. पण काही ठिकाणी वाळूखाली कातळाचा पातळ थर असतो, तो फोडला की पाणी खाली निघून जातं. एकदा गाळ भरला की यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. माहीत असावं लागतं.

आमच्यात ते माहीत असलेला एकच माणूस उरला होता. सोनूतात्या, गावचे गुरव. ऐंशी ओलांडलेले, आणि अलीकडे विसरायला लागलेले. सुनेला तीनदा चहा मागायचे. त्यांनाही ते कळत होतं, हे जास्त वाईट.

मी विचारलं, “तात्या, कोंडी क्रमाने सांगता का?”

“नुसत्या न्हाय येनार बाई. गाराना घातला तर येतील.”

आमच्या गावात नदीचं काही काम काढलं, की गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं, त्यात वरपासून खालपर्यंत सातही कोंडींची नावं घ्यायची, आणि प्रत्येक नावाला बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. तात्यांच्या गाऱ्हाण्याला व्हय म्हणायला वर्षानुवर्षं त्यांचा धाकटा भाऊ भिकू असायचा. तो जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

“पन व्हय म्हननारा कोन हाय?” तात्या म्हणाले. “गाराना येकट्याचा नसता.”

“अहो, फक्त रेकॉर्डिंग आहे. नाव घ्या, जरा थांबा, पुढचं घ्या. मी मध्ये बोलणार नाही, नाहीतर आवाज स्वच्छ येत नाही.” अक्कल शिकवायची सवय माझी, दुसरं काय.

जानेवारीतली सकाळ, दहाचा सुमार. नदीकाठी आम्ही दोघंच. तात्यांच्या सदऱ्याला माईक लावला, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला. तात्यांनी हात जोडले आणि सुरुवात केली. प्रत्येक नावानंतर थांबत होते. मला त्या थांबण्याचीही कीव आली होती, खरं सांगते. उत्तराची वाट बघितल्यासारखे थांबायचे बिचारे.

दुपारी घरी इयरफोन लावून लिहायला बसले.

“बा म्हाराजा, गायीची कोंड.”

“व्हयऽ म्हाराजा.”

मी इयरफोन काढला. मागे बघितलं. परत लावलं. वडाची कोंड — व्हयऽ म्हाराजा. पाटाची कोंड — व्हयऽ म्हाराजा. घोगरा, जरासा खाकरलेला आवाज, आणि तो लांबवलेला व्हय. हा आवाज मी ओळखत नाही असं कसं म्हणू? भिकू आमच्या शाळेत शिपाई होता. “भिकू, घंटा दिलीस का?” “व्हयऽ बाई.” आणि दिलेली नसायची. किती बोलले असेन मी त्याला.

तरी पूर्ण ऐकलं. चौथं नाव, जांभळीची कोंड. पुढे नुसतं पाणी वाहतंय. पाचवं, परटाची कोंड. तरीही काही नाही. सहाव्याला आणि सातव्याला पुन्हा व्हय.

संध्याकाळी दीपकला घेऊन तात्यांकडे गेले. सोमवारी मशीन येणार होतं, जागांच्या खुणा त्याच रेकॉर्डिंगवरून करायच्या होत्या. तात्यांना काही न सांगता मी फोन त्यांच्या कानाशी धरला.

पहिल्या व्हयला त्यांनी डोळे मिटले. “भिकू,” एवढंच म्हणाले. ना घाबरले, ना चकित झाले. डोळ्यांतून पाणी मात्र गळत होतं. चौथं नाव आलं आणि ते एकदम सावध झाले.

“परत लाव.”

परत लावलं.

“गप ऱ्हायला तो,” तात्या म्हणाले. “ल्हानपनापासना तसाच. माझा चुकला की गप ऱ्हायचा, चारचौघांत बोलायचा न्हाय. परटाची वर, जांभळीची खाली. मी उलटा सांगितला.” मग दीपकचा हात धरून म्हणाले, “माझ्या सांगन्यान गावचा पानी गेला असता रे.” आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

जांभळीच्या कोंडीत कधीच खणायचं नाही, खाली पातळ कातळ आहे, हे त्यांना पक्कं आठवत होतं. जागेचीच अदलाबदल झाली होती. दीपक म्हणाला, आधी हाताने बघू. दुसऱ्या दिवशी खालच्या जागी पहार मारली, तर दोन हातांवर कातळ लागला आणि खालून पोकळ आवाज आला. रेकॉर्डिंगमधल्या क्रमाने गेलो असतो, तर तिथेच मशीन उतरणार होतं. वरच्या जागी वाळूच वाळू, आणि छातीएवढ्या खड्ड्यात गार पाणी.

आता तुम्ही म्हणाल, प्रतिध्वनी. मीही आधी तेच म्हटलं. पण प्रतिध्वनी आपलेच शब्द परत देतो, दुसरे देत नाही. भिकूचा आवाज कोणी कधी रेकॉर्ड केलेला नव्हता, त्याच्याकडे साधा फोनसुद्धा नव्हता. दीपकने फाइल मुंबईत स्टुडिओत काम करणाऱ्या मित्राला पाठवली. त्याचं उत्तर आलं — दोन माणसं आहेत, एकाच माईकवर, शेजारी शेजारी. दुसरा आवाज काढून टाकू का, हेही त्याने विचारलं. पुस्तिकेबरोबर इतर गावांना पाठवायला बरं पडेल म्हणे.

मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, “ऱ्हावदे. तेचाच तर गाराना हाय.”

आवाज राहिला. तात्या तो रोज ऐकायचे, अगदी गेल्या श्रावणात गेले तोपर्यंत. सून सांगते, चहा प्यायल्याचं विसरायचे, हे नाही.

पुस्तिका छापायला गेली तेव्हा माहिती देणाऱ्यांच्या यादीत मी दोन नावं लिहिली. दीपकने वाचलं आणि चाचरत म्हणाला, “बाई, भिकूकाका तर...”

“ठाऊक आहे मला,” म्हटलं. “छाप.”

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि कोणी दिलंच तर मी शांतपणे ऐकून घेईन. यंदा मे महिन्यात परटाच्या कोंडीत कमरेएवढं पाणी होतं. काठावर मी एकटीच होते. म्हटलं, “भिकू, पाणी टिकलं रे.”

काही ऐकू आलं नाही. तरी मी जरा वेळ थांबले.