मोहाखाली बंद पडणारी गाडी

ये पोरी, इकडे जवळ सरक. मी तुमच्याकडं आले की दाराशी बसून अर्धं ऐकतेस आणि बाहेर जाऊन भलतंच सांगतेस. मागे वाघाच्या कातडीची केस सांगितली, तर तुझ्या मैत्रिणींत गवगवा झाला की मावशीनं वाघ पकडला. असं करतात का? आता पूर्ण ऐक. आणि नावं विचारायची नाहीत. ज्यांची आहेत त्यांची लेकरंबाळं या भागात सुखानं नांदताहेत.

ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळं पुसट होत चाललंय. पण जरा डोळा लागला की तो रस्ता दिसतो. दोन्ही बाजूंनी जंगल, चैताचं ऊन, आणि रस्त्याच्या कडेला एक जुनं मोहाचं झाड. इंजिन बंद पडलं की तिथं इतकी शांतता व्हायची, की मोहाची फुलं पाचोळ्यावर पडताना ऐकू यायची.

मी पोलिसात शिपाई म्हणून भरती झालेली. खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले आणि गडचिरोली जिल्ह्यात एका लहान ठाण्यात नेमणूक मिळाली. नवं शतक नुकतंच लागलं होतं. सकाळी हजेरी, स्टेशन डायरी, मग चहा, आणि छपरावर माकडं. अशा ठाण्यात एका कापड दुकानाच्या शेठनं फिर्याद दिली. त्याची बायको लेकीच्या लग्नाचे दागिने घेऊन कुरखेड्याकडे निघाली होती. मोहापाशी गाडी बंद पडली. ड्रायव्हरनं बोनेट उघडलं, आणि तेवढ्यात मोटरसायकलवर तोंड बांधलेले दोघं आले, दागिन्यांचा डबा हिसकावून जंगलात गेले.

दुसऱ्या दिवशी शेठचा मुनीम आपणहून ठाण्यात आला. गोड माणूस. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "मॅडम, माह्या तोंडून निघालं म्हणून सांगू नका जी. पण ड्रायव्हर त्या झाडापाशी नेहमीच गाडी बंद पाडते. बोनेट उघडते, झाडाखाली डहाळी ठेवते, मग चालू करते. तुम्हीच समजा."

आपल्या जंगलातली ही रीत तुला ठाऊक असेल. वाटेवर मानाचं ठिकाण आलं की हिरवी डहाळी ठेवायची आणि पुढं जायचं. खालच्या डहाळ्या वाळतात, त्यांवर नव्या पडतात, असा ढीग साठतो. मुनीमाचं म्हणणं, ही डहाळी म्हणजे खूण.

ड्रायव्हरला अटक केली. चाळिशीचा, सडसडीत, बौद्ध घरातला माणूस. बायको आणि म्हातारी आई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायच्या. बायको एकच विचारायची, "बाई, त्याईले जेल होते का?" मी काय सांगणार? जेल झाली असती तर त्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं, आणि चोराचं घर हा शिक्का वेगळाच.

मी चौकशीला बसले. "डहाळी काऊन ठेवत होतास?"

"गाडी बंद पडते म्हणून, बाई. ठेवली का थोड्या वेळानं चालू होते."

"तू तर बाबासाहेबांना मानणारा. मग हे देवाचं काय?"

तो मान खाली घालून म्हणाला, "मी देवबीव मानत नाई, बाई. पण गाडी मानते, त्याले मी काय करू?"

लॉकअपवरचा हवालदार फिसकन हसला. मी डोळे वटारले, पण हसू मलाही आलं होतं. खोटं बोलणारा माणूस एवढं वेड्यासारखं बोलत नाही, बाळा. खोटं नेहमी इस्त्री केलेलं असतं.

"शेठला का नाही सांगितलंस गाडीचं?"

तो गप्प. कितीदा विचारलं, तिथं आला की गप्पच. माझे साहेब म्हणाले, "हीच तर कबुली आहे." आणि गाडीची तपासणी झाली तर शेरा आला, दोष नाही. ठाण्याच्या आवारात ती गाडी सावलीत उभी असायची, आणि कधीही किल्ली फिरवा, एका झटक्यात चालू व्हायची.

मग मी ठरवलं, गाडीलाच विचारू. साहेबांची परवानगी काढली, दोन पंच घेतले, आणि ड्रायव्हरला मागे बसवून हवालदाराला गाडी चालवायला सांगितली. शेठच्या दारापासून निघालो, त्या दिवशी निघाली होती तशी. ऊन चढलं होतं. मला पेंग येत होती, झाडं पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. आणि मोहापाशी आलो, तर गाडीनं एक उसासा टाकला आणि थांबली. हवालदारानं दोन्ही हात वर केले. "मी काईच नाई केलं, मॅडम!"

आम्ही उतरलो. वास इतका गोड की डोकं हलकं झालं. पंच निमूट झाडापाशी गेले आणि डहाळी ठेवून आले. हवालदारानंही ठेवली. थोड्या वेळानं किल्ली फिरवली, गाडी चालू! त्या क्षणी मलाही वाटलं ग, की इथं कोणीतरी आहे.

साहेब मात्र म्हणाले, "ड्रायव्हरनं आधीच काहीतरी करून ठेवलं असेल." म्हणून चंद्रपूरहून एक मिस्त्री बोलावला. चाचा म्हणायचे सगळे त्यांना. त्यांनी पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले, वायरी बदलल्या. गाडी पुन्हा मोहाखाली उभी. चाचा वैतागून डोकं खाजवत बसले. मग पुढच्या सीटपाशी, पाय ठेवतो तिथला गालिचा उचलून त्यांनी एक पत्र्याचा डबा दाखवला. "बाई, हा इंजिनचा कॉम्प्युटर. पेट्रोल किती, ठिणगी कवा, सगळं हाच ठरवते. हात लावून पाहा, कसा तापून राह्यला. आत कुठी वायरीचा टाका सुटला असंल. गरम झाला की तुटते, थंडा झाला की जुळते. शेठच्या दारापासून निघाला का मोहापाशी येईस्तोवरच एवढा तापते. पण मी डाक्टर नाई, अंदाज बोलून राह्यलो. याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचा डबा लावून पाहिला तर समजंल."

असली गाडी त्या भागात दुसरी कुठं? एकच होती. माझ्या नवऱ्याची! ते चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला नोकरीला, जुनी घेतलेली गाडी जिवापाड जपायचे. फोनवर सांगितलं तर ओरडले, "माझ्या गाडीचं डोकं काढून आरोपीच्या गाडीत घालतेस? उद्या माझी किडनी मागशील!" पण रविवारी आले. गाडी धुऊन आले, एवढं सांगते.

पंचांसमोर डबे अदलाबदल केले, पंचनामा केला. पुन्हा शेठच्या दारापासून निघालो, पुढं शेठची गाडी, मागं यांची. मोह आला, आमची गाडी सरळ पुढं निघाली. आरशात पाहिलं तर मागची गाडी दिसेना. वळून परत आलो. मोहाखाली यांची गाडी उभी, बोनेट उघडं, आणि आमचे हे इकडंतिकडं बघत हळूच डहाळी ठेवताहेत.

"तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं.

"सगळे ठेवतात म्हणून ठेवली," ते म्हणाले. "आता हसत बसू नकोस, माझा डबा परत दे."

आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलेला ड्रायव्हर रडत होता. तिथंच त्यानं तोंड उघडलं. "मुनीमजी माह्यासंगं मालाले येत होते, बाई. त्याईच्यापुढंच कितीदा बंद पडली. तेच म्हणाले, शेठले सांगू नको, गाडी इकतीन अन् तुह्यी नोकरी जाईन. म्हून मी गप्प होतो. त्याईनं माह्यं भलंच केलं असं मले वाटे."

बघ, गाडी कुठं थांबते हे दोघांनाच ठाऊक होतं. एक कोठडीत, आणि एक माझ्या खुर्चीच्या टोकावर बसून गेलेला. मुनीमाला बोलावलं आणि एकच विचारलं, "नेहमी बंद पडते म्हणालात, तर मालकाला का नाही सांगितलं?" त्यानं पाणी मागितलं. मग एकेक करून सगळं सांगितलं. संध्याकाळच्या आत त्याच्या घरातल्या धान साठवायच्या ढोलीतून दागिन्यांचा डबा निघाला, आणि मोटरसायकलवाले दोघं त्याच्याच ओळखीचे निघाले.

त्या गाडीत नवा कॉम्प्युटर बसला आणि ती पुन्हा कधी मोहाखाली थांबली नाही. ड्रायव्हर सुटला तेव्हा त्याच्या आईनं माझ्या हाताला नुसता हात लावला.

मी एवढं शिकले, पोरी. आरोपी गप्प असला की आपण म्हणतो, याच्या पोटात पाप आहे. पण गरीब माणसाचं तोंड पुष्कळदा दुसऱ्यानंच बंद केलेलं असतं, आणि तेही भल्याच्या नावाखाली. पुढं ज्या ज्या आरोपीसमोर बसले, त्याला आधी हेच विचारलं, तुला गप्प राहायला कोणी सांगितलं?

तो ड्रायव्हर आता स्वतःच्या जीपनं मार्कंड्याच्या देवळाला सवाऱ्या नेतो. गेल्या महिन्यात आला होता, विचारत होता, "बाई, तुमची भाची येत नाई का?" मी म्हटलं, येते म्हणते नुसती. तर मोह फुलायच्या आत तिकडं माझ्याकडं ये. दोन दिवस तरी राहा, तो आपल्याला फिरवून आणील.