पाण्याची पुसलेली रेघ

शहर तिथे राहणारी माणसं घडवतात. राजे येतात, सुभेदार येतात, आयुक्त येतात आणि बदलून जातात. पण गल्लीचा उतार कुठे आहे, पाणी कुठे वळतं, हे जन्मभर तिथून चालणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून शहराबद्दलचा शेवटचा शब्द त्याचाच असायला हवा. आमच्या गल्लीला हा शब्द उच्चारायची संधी गेल्या मे महिन्यात मिळाली. गल्लीने स्वागतद्वार मागितलं.

आमची गल्ली नानाखेड्याच्या मागच्या अंगाला आहे. सिंहस्थ जवळ येऊ लागला की उज्जैनमध्ये काँक्रीट मुसळधार पडतं. आमच्या रस्त्यावर आधी डांबर होतं, त्यावर सिमेंट आलं, त्यावर आणखी सिमेंट आलं. जुनं उखडून नवं करायचं, ही कल्पना कुणाला सुचली नाही. सुचली असली तरी परवडली नाही. परिणामी रस्ता चढत गेला आणि घरं होती तिथेच राहिली. आमचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, म्हणून आमच्या पायऱ्या फक्त कमी झाल्या. खालच्या टोकाच्या काकूंकडे पूर्वी पायऱ्या चढून जावं लागायचं. आता उतरून जावं लागतं.

काका रेल्वेत होते. जळगावहून बदलीवर आले आणि इथलेच झाले. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते पुढच्या खोलीत पलंगावर असतात, दारातून गल्ली दिसते म्हणून. पावसाळ्यात तीच गल्ली त्या दारातून आत येते. गेल्या वर्षी पाणी पलंगाच्या फळीला लागलं होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून चौघांनी काकांना चादरीत धरून आमच्याकडे आणलं. त्यानंतर काकूंनी पलंगाखाली विटा रचल्या आणि कुंपणाच्या भिंतीवर पाण्याने ओढलेली मातकट रेघ तशीच ठेवली. दिवाळीला सगळ्यांनी भिंतींना रंग दिला, त्यांनी दिला नाही.

"राहू दे," त्या मला म्हणाल्या होत्या. "कधीतरी कुणी मोठा माणूस येईल. त्याला काय दाखवू? माझं तोंड?"

आणि मोठा माणूस येणार असं ठरलं. नवीन रस्त्याचा आराखडा पक्का करण्याआधी रहिवाशांचं म्हणणं ऐकायचं, असा वरून हुकूम होता. कोणत्या खात्याचा, ते आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण इंजिनियर साहेब येणार, सोबत वॉर्डातून निवडून आलेले पार्षद येणार, संध्याकाळी गल्लीतच सभा होणार आणि त्याच सभेत आराखडा मंजूर होणार, हे नक्की होतं. आराखड्यात आणखी एक थर होता. तो पडला असता तर काकूंचा उंबरठा रस्त्याच्या हातभर खाली गेला असता. मग विटा किती रचणार?

आमचे हे कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी. यांचं घराणं सरदारांच्या दफ्तरातलं. बड्या माणसांच्या स्वागताची व्यवस्था पाहण्याचा अडीचशे वर्षांचा अनुभव रक्तात. सभेच्या आदल्या दिवशी यांनी गल्ली झाडून घेतली. काकूंच्या फाटकासमोर बारा महिने एक डबकं असतं, त्यात मुरूम भरून दाबून घेतला. फक्कीच्या रेघा मारल्या. आणि समितीतल्या बायकांकडून गल्लीच्या दर्शनी भिंतींना चुन्याची पांढरी पुताई करून वर गेरूचे मांडणे, म्हणजे नक्षीची चित्रं, काढून घेतली. काकू त्या दिवशी काकांना घेऊन देवास गेटच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. संध्याकाळी रिक्षातून उतरल्या तर भिंतीवर मोर.

मी दारातच होते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग हात लावून पाहिला. हाताला ओला चुना लागला.

"कुणी केलं?"

हे पुढे झाले. "काकू, म्हटलं तुम्ही एकट्या, तुम्हाला कुठे जमणार. तुमची भिंत सगळ्यात पुढे. साहेबांची गाडी इथेच थांबेल ना."

"छान केलंत हो," काकू म्हणाल्या. "आता माझं घर बुडतं असं त्यांना वाटायला नको."

यांच्या तेव्हा लक्षात आलं. रात्री जेवताना म्हणाले, "अगं, पण पाहुणे येणार तर घर आवरायला नको? गंदगी दाखवायची का?"

"ती गंदगी नव्हती."

"मग काय होतं?"

"पुरावा."

यावर यांनी भात कालवला. म्हणाले, फोटो आहेत की मोबाइलमध्ये, दाखवू.

सभा काकूंच्या फाटकासमोर होती, कारण गल्लीत तेवढीच सपाट जागा, आणि ती सपाट का होती ते आता फक्त मुरमालाच माहीत होतं. शामियाना, पांढऱ्या खोळींच्या खुर्च्या, मागे फलक: "आपकी गली, आपकी राय". साहेब पस्तिशीतले, घामाघूम, सारखे घड्याळ पाहणारे. त्यांना पुढे माधव नगरला अशीच राय घ्यायला जायचं होतं. त्यांना साफा बांधला. श्रीफळ दिलं. पार्षदांनाही साफा बांधला, तो सैल झाला म्हणून पुन्हा बांधला. मग पार्षदांनी लोकांचं ऐकणं किती महत्त्वाचं आहे यावर भाषण केलं. ते इतकं रंगलं की लोकांचं ऐकायला फारसा वेळ उरला नाही.

मग माईक फिरला. स्वागतद्वार हवं, असं एकजण म्हणाले. द्वारावर कॉलनीचं नाव आणि वर त्रिशूळ हवं, असं दुसरे. तिसऱ्यांना बाकडी हवी होती, पण स्वतःच्या घरासमोर नको होती. एकाने शेजाऱ्याची कार हटवावी अशी सूचना केली; शेजारी उठून उभा राहिला; दोघांना बसवण्यात आणखी वेळ गेला. काकूंचा हात पहिल्यापासून वर होता. माईक वाटेत दोनदा दुसऱ्यांनीच उचलला.

शेवटी त्या माईकशिवायच बोलल्या. काकूंचं हिंदी चाळीस वर्षांत फारसं हललेलं नाही.

"साहेब, हमारे घर में पानी घुसता है. रोड और ऊँचा किया तो हम डूबेंगे. पहले पुराना खोदो."

साहेबांनी समोर पाहिलं. पांढरी भिंत, मोर, कोरडा मुरूम, रांगोळी.

"माताजी, कहाँ घुसता है? इधर तो सब बढ़िया दिख रहा है."

कुणीतरी हसलं. यांनी घाईघाईने मोबाइल पुढे केला. साहेबांनी फोटो पाहिला, सभ्यपणे परत दिला. "सर, फोटो तो हर कॉलोनी में दिखाते हैं. मेरे लेवल के नाप में तो यहाँ ढलान नहीं आ रहा. खुदाई में टाइम जाएगा, बारिश सिर पे है." मग ते सहायकाला म्हणाले, "लिख लो, रहवासी सहमत."

पार्षद उठले. "तो फिर सर्वसम्मति से…"

यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकं रिकामं तोंड मी यांचं पाहिलं नव्हतं. काकू खुर्च्यांमधून बाहेर पडल्या. सगळ्यांना वाटलं रुसून घरात गेल्या. गेल्याही, पण लगेच बाहेर आल्या आणि सरळ माझ्या खुर्चीशी.

"तुझी टाकी भरलेली आहे?"

"आहे."

"खालचा व्हॉल्व्ह सोड."

आमच्या टाकीला तळाशी एक व्हॉल्व्ह आहे, टाकी धुताना पाणी सोडण्यासाठी. त्याचा पाइप थेट गल्लीत उतरतो, आणि त्यावरून काकूंचे नि माझे अनेकदा खटके उडालेले आहेत. नळ आमच्याकडे एक दिवसाआड, आणि तो दिवस नळाचा नव्हता. पण मी अडखळले ते त्यासाठी नाही.

"काकू, काका आत आहेत."

"मेन स्विच बंद करून आलेय. जा."

"निदान त्यांना उचलून बाहेर तरी—"

"तर मग काय दिसणार साहेबांना? रिकामा पलंग? जा म्हणते ना!"

मी गच्चीवर गेले. व्हॉल्व्ह जाम झाला होता. खाली माईकवर सर्वसंमती शब्द ऐकू येत होता, टाळ्या सुरू होत होत्या. पदर गुंडाळून जोर लावला तेव्हा तो फिरला.

वरून सगळं नीट दिसलं. पाणी आधी फक्कीच्या रेघांवरून गेलं. मग रांगोळीवरून. शामियान्याखाली शिरलं तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले, मग पुढच्या रांगेने, मग पार्षदांनी. "अरे किसकी टंकी है ये?" असा ओरडा झाला. हे वर बघून हातांनी काहीतरी खुणा करत होते. बंद कर म्हणत होते की चालू ठेव, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही. मुरूम क्षणभर पाणी प्यायला, मग त्याचाच चिखल झाला. साहेबांच्या लेव्हलच्या मापात जो उतार येत नव्हता, त्या उतारावरून पाणी काकूंच्या फाटकाखालून गेलं आणि पायऱ्या उतरू लागलं.

मी धावत खाली आले. साहेब फाटकाशी पोचले होते, काकू दार उघडं धरून उभ्या. आत पंखा बंद, अंधार, आणि पाणी उंबरठ्यावरून फरशीवर पसरत चाललेलं. पलंगाच्या विटांपाशी काकांच्या स्लीपर होत्या. एक तरंगून किंचित फिरली.

काकांनी मान वळवली नाही. डावा हात पलंगाखाली सोडला, एक स्लीपर उचलून पलंगावर ठेवली, मग दुसरी. मग औषधांचा डबा उचलून छातीवर घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. रोजची सवय असलेल्या माणसासारखं, छताकडे बघत, त्यांनी ते केलं. नंतर बोलायचा प्रयत्न केला. त्यांचं बोलणं काकूंनाच कळतं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"यंदा लवकर आलं म्हणतायत."

साहेबांनी डोक्यावरचा साफा काढून हातात घेतला. तो कुठे ठेवावा हे त्यांना समजेना, सगळीकडे ओलं होतं. मग ते वळून सहायकाला म्हणाले, "वो काटो. लिखो, पुराना उखाड़ना पड़ेगा. पूरा." आणि काकूंना म्हणाले, "माताजी, पहले बताना था."

"बताया था," काकू म्हणाल्या. "दीवार पे लिखा था."

त्यांना ते समजलं नाही. समजवायला कुणी पुढे झालं नाही. हे खराटा घेऊन काकूंच्या खोलीत शिरले आणि सरदारांच्या दफ्तराचे वारसदार पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाणी बाहेर लोटू लागले. बाहेर पार्षद माईकवर सांगत होते की जनतेचा आवाज हाच विकासाचा पाया आहे आणि स्वागतद्वाराचा विचारही सहानुभूतीने केला जाईल.

खोदकाम पंधरवड्यात सुरू झालं. मोठं मशीन आलं. सिमेंटचे दोन्ही थर निघाले, खालचं डांबरही निघालं. काकू खुर्ची टाकून दारात बसायच्या आणि काकांना सांगायच्या, आता सिमेंट गेलं, आता डांबर गेलं. मग पाऊस सुरू झाला आणि ठेकेदार गल्ली तशीच खोदलेली ठेवून मशीन घेऊन दुसऱ्या तातडीच्या कामाला गेला.

यंदा पाऊस गेल्या वर्षीपेक्षा जास्त झाला. काकूंच्या घरात पाण्याचा थेंबही शिरला नाही. नवा रस्ता अजून झालेला नाही. सगळं पाणी त्या खड्ड्यात मावतं.