केळ्याचे रोल आणि बाबांचा डावा हात

परवाच्या रविवारी आमच्याकडे केळीच केळी झाली होती. परतीच्या पावसात परसातली एक केळ आडवी झाली, तिचा घड उतरवून ठेवला, आणि तो सगळा एकदमच पिकला. खाऊन खाऊन किती खाणार?

बरेच दिवस मोबाईलवर ते सफरचंदाचे गोड रोल बघत होते. म्हटलं, सफरचंद नाही तर नाही, आपण केळ्याचे करू. केळी तुपात परतायची, त्यात गूळ, ओलं खोबरं, थोडं जायफळ... मैद्याच्या पोळीवर हे सारण पसरून गुंडाळी करायची, कापायची आणि भाजायची.

भातकापणी सुरू असल्यामुळे नवरा आणि सासूबाई सकाळीच शेतावर गेले होते. मी मालवणच्या शाळेत शिकवते, त्यामुळे मला सुट्टी. घरात मी आणि बाबा, म्हणजे माझे सासरे.

बाबांना उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं चालणं सुधारलं, पण डावा हात मागे राहिला. फिजिओथेरपीच्या मॅडमनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो शेजारच्या कुत्र्याने पळवला. बाबांना त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं नाही.

खरं दुखणं वेगळं होतं. बाबा आमच्या वाडीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे... माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून. यंदा गणपतीत मंडळ घरी भजनाला आलं, तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या तरी मांडीवर पखवाज होता. बाबा हळूच उठले आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. आरतीलासुद्धा आत आले नाहीत.

तर रविवारी मी दूध कोमट केलं, यीस्ट फुलवलं, मैदा भिजवला. आणि मळायच्या आधी सारणाचं खोबरं खवायला घेतलं, तिथे बोट कापलं. चांगलंच कापलं. पट्टी बांधली, पण आता मळणार कोण?

पडवीत बाबा बसले होते. मी परात नेऊन समोर ठेवली. "बाबा, वायच मळून दितास काय?"

"माका खंय जमता गो ह्यां..."

मी बोट दाखवलं. तसे बाबा हात धुऊन आले.

सुरुवात उजव्या हाताने केली. पण हे पीठ लोणी घातलेलं, चिकट. हात फिरेल तशी परातही गोल फिरायला लागली. दोनतीनदा फिरली, तसा त्यांनी डावा हात उचलून परातीच्या काठावर ठेवला. थोड्या वेळाने तो हात पिठात आला. बोटं हळूहळू मिटत होती, उघडत होती... मी तिकडे बघतेय हे त्यांना कळू नये म्हणून आत जाऊन केळी परतत बसले.

पीठ मस्त झालं. छान फुगलं. मी पोळी लाटली, सारण पसरलं, गुंडाळी करून दोऱ्याने रोल कापले आणि ओव्हनमध्ये ठेवले. कडेचं थोडं पीठ उरलं होतं. बाबांनी ते उचललं, हातावर थापून चपटं केलं, डब्याच्या झाकणावर चिकटवलं आणि त्यावर डावा तळवा मारला. परत मारला. मग मान हलवली.

"हो गोळो चलाचो नाय गो. हो फुगतलो."

मला काही कळेना. ते म्हणाले, "गव्हाचा पीठ आसा मां? वायच घट्ट व्हया."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा लावतात, त्यानेच तो घुमतो! मी कणकेचा डबा पुढे ठेवला. तीही त्यांनीच मळली. पखवाज कपाटावर जुन्या साडीत गुंडाळून ठेवला होता, तो मी खाली काढून दिला.

पहिली थाप अगदीच बसकी पडली. दुसरीही तशीच. बाबा थांबले. मला वाटलं, संपलं, आता कधीच हात लावणार नाहीत... पण त्यांनी थोडी कणीक काढून टाकली, बोटाने कडा सारख्या केल्या आणि पुन्हा सुरू केलं. डावा हात मागे पडत होता. उजवा त्याच्यासाठी थांबत होता. साधाच ठेका, पण चुकला की पहिल्यापासून.

ओव्हनची आठवण मला वासाने झाली. रोलची बुडं काळी झाली होती.

तेवढ्यात सासूबाई शेतावरून आल्या. अंगणातूनच विचारलं, "कोण इलो हा गो? मंडळातलो कोण?"

त्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. बाबांनी वर बघितलं नाही. बऱ्याच वेळाने त्या पाय धुवायला विहिरीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा चेहराही धुतलेला होता.

मग सगळ्यांनी चहाबरोबर रोल खाल्ले. सासूबाई म्हणाल्या, "तळाक करापले, पण बरे आसत." बाबांनी दोन खाल्ले.

हात काही बरा झालेला नाही, मॅडम म्हणतात वेळ लागेल. काल मंडळाचे गाणारे बुवा येऊन बसून गेले. बाबांनी भजनाला येतो असं म्हटलेलं नाही... पण नाहीही म्हटलेलं नाही.

इतके महिने आम्ही सगळे काळजीने त्यांच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेत होतो. पाण्याचा तांब्यासुद्धा भरू देत नव्हतो. आता घरातलं मळायचं काम बाबांकडे आहे. मी विचारत नाही, नुसतं पीठ चाळून त्यांच्यापुढे ठेवते.