धूर नसलेली शेगडी

गल्लीतल्या बायकांना शेगडी पेटवायला माशबांगूनेच शिकवलं होतं. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात कोळसा खाली, त्यावर कागद-काटक्या, वर पुन्हा चार खडे. आग वरून खाली उतरते, धूर कमी होतो, कोळसा पुरतो. सगळे त्याला गोगोसारखं, म्हणजे आजीसारखं, पेटवणं म्हणत. विजेचा हीटर लावला की मीटरवरचे युनिट डोळ्यांदेखत उडायचे, म्हणून जून, म्हणजे तिकडचा हिवाळा, लागला की तिच्या अंगणात कुणीतरी डबा घेऊन उभं असायचंच. तीस वर्षं शाळेत स्वयंपाक केलेली बाई ती, शिकवायचीही रागे भरतच. धूर आहे तोवर शेगडी बाहेर, निखारे लाल झाले की मगच घरात, हे तिचं ठरलेलं सांगणं.

तिची दुसरी कला फटी बुजवण्याची. पिठाच्या खळीत भिजवलेलं वर्तमानपत्र ती खिडकीच्या कडेनं असं चिकटवायची की वाऱ्याला आत यायला वाट राहत नसे.

शेजारची फुमलिले गेल्या वर्षीच लग्न होऊन आलेली. नवरा दूरच्या खाणीत आणि चार महिन्यांची मुलगी सर्दीनं बेजार. शुक्रवारी माशबांगूने स्वतः तिची खोली बुजवून दिली, दाराखाली घोंगडीची गुंडाळीही सरकवली. माशबांगूचा नवरा एल्फस कुंपणापलीकडून म्हणाला, "आपलं दार वाकडंय, ते सोडून लोकांची दारं बुजवतेस?"

"दार नीट करणारा नवरा मिळाला असता तर तेही बुजवलं असतं."

शनिवारी दुपारी ती भोपळ्याचं सूप घेऊन गेली. हाका मारल्या, उत्तर नाही. दार ढकललं तर गुंडाळीनं अडवलं. खांदा लावून आत शिरली, तेव्हा आधी तिला बरंच वाटलं: खोली कशी छान उबदार, धुराचा वासही नाही, शेगडी लालबुंद. मग तिला फुमलिले दिसली. पलंगाला टेकून, तोंड उघडं. मांडीवरच्या मुलीची मान कापडासारखी लोंबत होती.

सूप हातातून कधी पडलं, तिला कळलं नाही. आधी तिनं मुलीला बाहेर वाऱ्यात नेलं, मग फुमलिलेला काखेत धरून फरफटत आणलं. अंगणात फुमलिलेला उलटी झाली. मुलगी मात्र गप्पच. माशबांगू तिचे तळवे चोळत राहिली, स्वतःचं नावही आठवेना अशा अवस्थेत. कधीतरी मुलगी बारीक आवाजात रडली.

दवाखान्यातल्या परिचारिकेनं सांगितलं, की निखाऱ्यातून एक वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. धूर गेला तरी तो असतो.

"मग आम्ही इतकी वर्षं तशीच शेगडी आत ठेवतो, आम्हाला कसं काही झालं नाही?"

"गोगो, तुमचं घर असं चहूकडून बंद असतं का?"

माशबांगूच्या वाकड्या दाराखाली चार बोटं फट होती. एल्फसला त्या फटीवरून ती रोज टोमणे मारायची.

रविवारी भाजी चिरायची सुरी घेऊन ती घरोघरी गेली आणि आपणच चिकटवलेले कागद खरवडू लागली. काहींनी तिला वेड्यात काढलं. एकीनं तर अडवलंच. आधी बुजवायला लावलंस, आता उघडायला लावतेस, पोरं गारठली तर तुझ्याकडे धाडू का, असं विचारलं. माशबांगू सुरी घेऊन पुढच्या घराकडे वळली.

संध्याकाळी फुमलिले मुलीला घेऊन दवाखान्यातून परतली. तिला तोंड कसं दाखवायचं या विचारानं माशबांगू कुंपणाआड उभी होती. फुमलिलेच जवळ आली. तोंड अजून फिकट होतं.

"मा, आज शेगडी कुठं ठेवू?"

अजूनही मलाच विचारते, माशबांगूला वाटलं.

"बाहेर," ती कशीबशी म्हणाली. "तिच्यावर विटा तापव. पोरीला चटका बसू नये म्हणून त्या फडक्यात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवू. आणि फुमलिले, मी जे सांगते ते यापुढे आधी कुणालातरी विचार."

फुमलिलेनं मान हलवली आणि मुलीला तिच्या हातात देऊन विटा शोधायला गेली.